अर्ध्या बॉनेटने जिंकलेली शर्यत

योकोहामा, १३ नोव्हेंबर २००५

तीर्थस्वरूप हेमूकाका,

तुम्हाला वाकून नमस्कार, आणि काकूला त्याहून जरा जास्त वाकून.

ई-मेलला उत्तर देणार नाही, कारण सायबर कॅफेवाला ती आधी वाचतो, असं तुम्ही विमानतळावर बजावलं होतंत. म्हणून स्टेशनसमोरच्या कोंबिनीतून, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानातून, पत्राचे कागद आणलेत. मांजरांच्या चित्रांचेच मिळाले. चालवून घ्या.

बातमी एका ओळीची आहे. मी नापास झाले. आयुष्यात पहिल्यांदा, आणि तेही गाडी चालवण्यात.

आठ वर्षं मी लोकांच्या पगारपत्रकांची सॉफ्टवेअर लिहिली. आता पहिल्यांदाच इंजिनाच्या जवळ जायची संधी आली आहे. नागोयापलीकडच्या डोंगरात गाड्यांच्या चाचणीचं मैदान आहे, तिथे बसून इंजिनाचं सॉफ्टवेअर तपासायचं. शेवटचं स्टेशन तिथून अकरा किलोमीटर, बस दिवसातून दोनदा. त्यामुळे अट एकच आहे, एकतीस मार्चच्या आत जपानी लायसन्स हवं. नाहीतर माझ्या जागी अंबरीष जाणार आणि मी पुण्याच्या ऑफिसात बिनकामाची खुर्ची गरम करणार. अंबरीषला इंजिन आणि पंखा यातला फरक कळत नाही, पण लायसन्स आहे.

आपलं लायसन्स इथे बदलून मिळतं, पण आधी लायसन्स केंद्राच्या आवारात गाडी चालवून दाखवावी लागते. खोटे रस्ते, खोटे सिग्नल, खरा परीक्षक. चष्मेवाला, अबोल, मांडीवर पाटी धरलेला. एका वळणावर झुडूप होतं, पलीकडचं काही दिसत नव्हतं. मी सभ्य माणसासारखा हॉर्न वाजवला. परीक्षकांचा चष्मा नाकावरून घसरला. शेवटी त्यांनी अतिशय नम्रपणे विचारलं, “तुम्ही कोणाला बोलावत होतात?”

काका, इथे हॉर्न हा अपमान असतो. पुण्यात तो नमस्कार आहे हे मी त्यांना कसं सांगणार?

तेव्हा आता तुमच्याशिवाय कोण? ज्या शहरात मी नापास झाले, त्याच शहरात तुम्ही मोटारींच्या शर्यतीत एका अमेरिकनाला हरवलंत. घरातल्या प्रत्येक मुंजीत पंगत उठली की तुम्ही ताटात वाटी आणि द्रोण शेजारी शेजारी ठेवायचात. वाटी म्हणजे तुमची नारिंगी मस्टँग, द्रोण म्हणजे त्या अमेरिकन डेलची पिवळी चॅलेंजर. आणि शेवटी आम्ही सगळी मुलं ओरडायचो, “अर्ध्या बॉनेटने.” पुण्यात तुम्ही कधी स्टिअरिंगला हात लावला नाहीत, याचाही आम्हाला केवढा अभिमान. चॅलेंजरला हरवलेला माणूस लक्ष्मी रोडवर फियाट काय चालवणार?

पुढची परीक्षा सहा डिसेंबरला. विद्या द्या.

तुमची,
चारू


पुणे, २४ नोव्हेंबर २००५

चिरंजीव चारू,

तुला आणि तुझ्या मांजरांना आशीर्वाद.

नापास झालीस म्हणून अभिनंदन. जो माणूस कधी पडला नाही, तो कधी उभाही राहिला नाही, नुसता टेकला. मी हे परवाच बागेतल्या ज्येष्ठ नागरिकांसमोर पाऊण तास मांडलं. दोघे झोपले. बाकीचे जागे होते, हे मोठं यश समज.

आता ऐक. १९७२चा जुलै, रविवार, पहाटेचे सव्वापाच. होनमोकूच्या धक्क्यावर गोदामांच्या मधून जाणारा सरळसोट रस्ता, चारशे मीटर. पलीकडे तारेच्या कुंपणाआड अमेरिकन नौदलाच्या कुटुंबांची वसाहत. त्यांचे मेकॅनिक मायदेशातून जहाजावर घालून गाड्या आणत. गाडी कसली, आठ माणसांच्या पंगतीचं लोखंडी टेबल. नुसती उभी असली तरी तळपायातून आधी जमीन थरथरायची आणि आवाज नंतर कानात यायचा. पेट्रोलचा वास, समुद्राचा वास, आणि दोनशे माणसं श्वास धरून उभी. मी दिवसभर कापडाच्या कंपनीत पावत्या लिहिणारा कारकून. पण रविवारी पहाटे मी सम्राट होतो.

कोणीतरी रुमाल खाली सोडला. दोन्ही गाड्यांची नाकं एकदम आभाळाकडे उचलली गेली. डेलच्या दातांतलं च्युइंगम मला दिसलं. दोन्हींच्या टायरांखालून धूर निघाला, मधला रस्ता पांढरा झाला, आणि मग, तुला ठाऊकच आहे. अर्ध्या बॉनेटने.

आता विद्या. वळण म्हणजे भ्यायची गोष्ट नव्हे. डावीकडे वळायचं असेल तर आधी उजवीकडे जा. रस्त्याची पूर्ण रुंदी तुझी आहे, ती वापर. बाहेरून आत, आतून बाहेर, कात्रीने कापड कापावं तसं. जो रस्त्याच्या कडेला चिकटून वळतो तो आयुष्यभर कडेलाच राहतो. त्या परीक्षकाला कळू दे की कोणत्या घराण्याशी गाठ आहे.

तुझा,
हेमूकाका

ता.क. चारू, मी जयंतीकाकू. यांच्या सल्ल्याने मी पालकाची जुडीसुद्धा आणत नाही. तुझं तू बघ.


योकोहामा, ११ डिसेंबर २००५

हेमूकाका, नमस्कार, पण आज जरा ताठ मानेने.

मी डावीकडे वळण्याआधी उजवीकडे गेले. रस्त्याची पूर्ण रुंदी वापरली. कात्रीने कापड कापलं. परीक्षकांनी आयुष्यात प्रथमच छताजवळचा दांडा पकडला असावा, कारण तो हाताला लगेच सापडला नाही.

नापास.

इथे डावीकडे वळायचं तर आधीपासून डावीकडच्या कडेला चिकटायचं असतं, म्हणजे मधल्या फटीत सायकलवाला घुसून चिरडला जात नाही. हे त्यांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. सायकलवाल्याला टोपीही काढली होती. मी ते चित्र मागून घेतलं आणि फ्रिजवर लावलंय.

घरी येऊन रागारागाने जेवणाच्या टेबलावर तुमची शर्यत मांडली. वाटी घेतली, द्रोणाच्या जागी सोया सॉसची बशी. तुम्ही दाखवायचात तसा डाव्या हाताने गिअर टाकला, आणि मध्येच थांबले. काका, अमेरिकन गाडीत स्टिअरिंग डावीकडे असतं ना? मग गिअर उजव्या हाताला येतो. तुम्ही मात्र इतकी वर्षं डाव्या हाताने टाकत आलात. तिथे काही वेगळी सोय होती का? ऑफिसात दोघांना विचारलं, त्यांनाही माहीत नाही.

पुढची तारीख सतरा जानेवारी. या वेळी जपून सांगा.

चारू


पुणे, २३ डिसेंबर २००५

चि. चारू, आशीर्वाद आहेतच.

गिअर कोणत्या हाताला होता, हा प्रश्न पावत्या लिहिणाऱ्या कारकुनाला शोभतो, माझ्या पुतणीला नाही. इतिहास असा वाचायचा नसतो. घोडा कोणत्या रंगाचा होता यावर वाद घालणारे लोक लढाई कोण जिंकलं ते विसरतात. मी डाव्या हाताने दाखवत असे, कारण उजव्या हातात जिलबी असे. संपला विषय.

तुझी खरी चूक मला कळली. तू फार इकडेतिकडे बघतेस. चित्र बघतेस, फ्रिज बघतेस, परीक्षकाचा हात बघतेस. शर्यतीत उतरलेला माणूस समोर बघतो, फक्त समोर. डेल कधी बाजूला बघत नसे. ओगावाही नाही. (ओगावा म्हणजे माझा जपानी दोस्त, नारिंगी मस्टँग त्याची. मायदेशी परतणाऱ्या एका अमेरिकनाकडून घेतलेली.) नजर बाणासारखी ठेव. मान हलली की मन हललं.

आणि होनमोकूला उगाच जाऊ नकोस. वसाहत गेली, कुंपण गेलं, सगळं बदललं असं ऐकतो. आठवणींच्या जागी जाऊन दुकानं बघण्यात काय अर्थ?

हेमूकाका

ता.क. तुझा लेफ्ट-राइटचा प्रश्न आल्यापासून हे दोन दिवस पोळीवर तूप घ्यायला विसरले. त्यांचं लायसन्स मी लग्नानंतर एकदाही पाहिलेलं नाही. हे सहज लिहिलं. – काकू


योकोहामा, २२ जानेवारी २००६

हेमूकाका,

नजर बाणासारखी ठेवली. मान हलवली नाही. निघताना नाही, वळताना नाही, थांबून पुन्हा सुटतानाही नाही. परीक्षक पाटीवर रेघा ओढत होते, मला वाटलं कौतुकाच्या. एकोणीस रेघा होत्या. मी एकोणीस वेळा बघायचं चुकले होते.

ते म्हणाले की आरशात बघून भागत नाही, मान वळवून खांद्यामागे बघायचं असतं. गाडीत बसण्याआधी गाडीभोवती फिरायचं, खाली वाकून चाकांशी कोणी नाही ना हे बघायचं. आणि हे सगळं असं करायचं की शेजारी बसलेल्याला दिसलं पाहिजे. मी म्हटलं, मैदान तर रिकामं आहे. त्यावर म्हणाले, “रिकामं आहे हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही बघितलंच नाहीत.”

गाडीतून उतरून स्वच्छतागृहात गेले आणि रडले. तीस वर्षांची बाई, कडेला गरम हवेचं यंत्र, आणि मी त्यात तोंड वाळवतेय.

आता शेवटची एकच तारीख आहे, पंधरा मार्च. त्यानंतर थेट एप्रिल. आमचे साहेब हिरानो-सान यांनी अंबरीषचं नाव पेन्सिलीने लिहून ठेवलंय. पेनाने अजून नाही, एवढीच त्यांची माया.

तुम्ही नको म्हणालात तरी येत्या रविवारी मी होनमोकूला जाणार आहे. इथून बस आहे. ओगावा-सान सापडले तर प्रत्यक्षच शिकेन. पत्रातून गाडी शिकता येत नाही असं दिसतंय.

चारू


पुणे, २ फेब्रुवारी २००६

चारू,

जाऊ नकोस. ओगावा वारला असेल. वारला नसेल तर खोटं बोलेल, त्याला पहिल्यापासून ती सवय. थंडी फार आहे. अजून गेली नसशील तर घरीच राहा, मी दोन दिवसांत सविस्तर लिहितो.

हेमूकाका

ता.क. हे पत्र टाकायला स्वतः पोस्टात गेले, तेही पावणेदहाला. पोस्ट दहाला उघडतं. – काकू


योकोहामा, ५ फेब्रुवारी २००६

हेमूकाका,

ओगावा-सान सापडले, आणि ठणठणीत आहेत.

मागच्या रविवारी बर्फ पडला, म्हणून आज गेले. वसाहतीच्या जागी आता मोठा मॉल आहे. त्याच्या मागच्या गल्लीत एक गॅरेज, ‘ओगावा मोटर’. आता तिथे पार्सलच्या व्हॅन दुरुस्त होतात, आणि गॅरेज चालवते त्यांची मुलगी. ओगावा-सान शेगडीशेजारी स्टुलावर बसून संत्रं सोलत होते. मी तुमचं नाव सांगितलं, हेमचंद्र. काही कळलं नाही. म्हटलं, हेमू.

त्यांनी संत्रं खाली ठेवलं. हात पुसले. उठून गॅरेजच्या बरोबर मधोमध जाऊन उभे राहिले. उजवीकडे मान वळवली, बोट रोखलं, मोठ्याने म्हणाले, “योशी.” डावीकडे मान, बोट, “योशी.” मागे वळले, “योशी.” मग वाकून व्हॅनखाली पाहिलं, “योशी.” पुन्हा एकदा उजवीकडे. आणि मग एक हात वर उचलला आणि तसेच उभे. मी थांबले, त्यांची मुलगी थांबली, व्हॅन न्यायला आलेला माणूसही पैसे मोजायचा थांबला. खूप वेळाने हात खाली आला आणि म्हातारा इतका हसला की मुलीला पाणी आणावं लागलं.

“हेमू-सान,” ते म्हणाले. “नंबर वन.”

योशी म्हणजे ‘ठीक’, हे मला माहीत होतं. रेल्वेचे लोक फलाटावर बोट रोखून म्हणतात तेच. मी विचारलं, काका गाडी कशी चालवायचे? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू लग्न लावायला आलेल्या भटजींनी घोडा कसा चालवला असं मी विचारलंय.

“हेमू-सान? ड्राइव्ह?” मग हात जोरजोरात हलवले. तुम्हाला लायसन्स नव्हतं. सायकलवरूनही पडायचात. पहिल्या दिवशी तुम्ही टाय लावून, डबा घेऊन नुसते बघायला आला होतात. त्या दिवशी भांडण पेटलं होतं. अमेरिकन म्हणत होते, इशारा द्यायला जपानी माणूस नको, तो आपल्या माणसाकडे बघून हात सोडेल. जपानी म्हणत होते, अमेरिकन नको. तेवढ्यात सगळ्यांना तुम्ही दिसलात. ना या गटाचे, ना त्या गटाचे. मग दोन वर्षं दर रविवारी दोन्ही गाड्यांच्या मध्ये तुम्ही उभे.

त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात फोटो आहे. डावीकडे नारिंगी, उजवीकडे पिवळी, आणि मध्ये पांढऱ्या शर्टातला काटकुळा माणूस, हात उंच. फोटो बघताना मला कळलं, काका. तुमच्या गोष्टीत दोन्ही गाड्यांची नाकं नेहमी एकदम वर उचलली जायची. गाडीत बसलेल्याला स्वतःच्या गाडीचं नाक असं कसं दिसेल? डेलचं च्युइंगम कसं दिसेल? तुम्ही पूर्ण गोष्ट कायम समोरून सांगत आलात. आम्ही तीस वर्षं ऐकत आलो आणि एकालाही कळलं नाही.

आणखी दोन गोष्टी. अर्ध्या बॉनेटने जिंकली ती पिवळी. आपण हरलो होतो.

आणि फोटोत तुमच्या हातात रुमाल नाही. लाल काठाचं उपरणं आहे. तेही त्याच डब्यात आहे, एका कोपऱ्याला ऑइलचा डाग. निघताना तुम्ही ओगावा-सानांना आठवण म्हणून दिलंत. हे पत्र काकू वाचणार नसेल तर बरं, कारण लग्नातलं उपरणं योकोहामाच्या लाँड्रीत हरवल्याची गोष्टही आम्ही मुंजीतच ऐकलेली आहे.

मी रागावले आहे, पण खोटं बोललात म्हणून नाही. खरी गोष्ट यापेक्षा चांगली होती आणि ती तुम्ही आम्हाला दिली नाहीत, म्हणून. निघताना ओगावा-सान म्हणाले, “हेमू-सानला टोफूबद्दल विचार.” पुढे काही सांगेनात.

म्हणून विचारते. टोफूचं काय? आणि माझी परीक्षा पंधरा मार्चला आहे. मला दोन वेळा गाडी चालवायला शिकवलंत, जी तुम्हाला येत नाही. आता येतं ते शिकवा.

चारू


पुणे, १९ फेब्रुवारी २००६

चि. चारू,

तुझं पत्र तुझ्या काकूने आधी वाचलं. पहिली दोन पानं हसली. उपरण्यापाशी आली आणि हसू थांबलं. मी तीस वर्षं शर्यतीबद्दल खोटं बोललो याचं तिला काही नाही, ते म्हणे तिला लग्नाच्या तिसऱ्या वर्षीच कळलं होतं. पण उपरण्याला तिच्या माहेरी काठ विणलेला होता. चार दिवस मी स्वतःचा चहा स्वतः करतो आहे. आता तुझ्याशी खोटं बोलण्यासारखं काही उरलेलं नाही.

जपानहून रजेवर आलो होतो. तुझ्या बाबांच्या मित्राच्या मुलाच्या मुंजीत कोणीतरी विचारलं, तुम्हीही चालवली असेल ना एखादी? समोर पंधरा जण तोंडाकडे बघत होते. मी हो म्हटलं. एवढंच. एकदा हो म्हटल्यावर पुढचे शब्द आपोआप येतात, तो माझ्या जिभेचा दोष आहे. सभेत टाळी पडली की मी कधी माघार घेतली नाही.

टोफूचं ऐक. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही.

इशिकावाचो स्टेशनवर मी रोज गाडी पकडत असे. तिथला फलाटावरचा माणूस रिकाम्या रुळांकडे बोट रोखून ओरडायचा, योशी. मला आधी हसू यायचं. मग वाटलं, हा माणूस काही नाही याचीसुद्धा खात्री करतो. आपल्याकडे काही आहे याचीही कोणी करत नाही. मी ते उचललं. धक्क्यावर उजवीकडे, डावीकडे, मागे, गाडीखाली, आणि शेवटी पुन्हा एकदा उजवीकडे. पब्लिक हसायचं. अमेरिकन माझी नक्कल करायचे. हे केल्याशिवाय मी हात वर करत नसे.

त्या रविवारी डेल आणि ओगावा समोरासमोर होते. तीच ती शर्यत. दोन्ही इंजिनं अशी पेटली होती की माझ्या दातांत कंप येत होता. दोनशे माणसं ओरडत होती, सोड, सोड. मी चार बाजू बघितल्या. उपरणं वर केलं. आणि सवयीने मान पुन्हा उजवीकडे गेली. सूर्य नुकताच वर आला होता, सावल्या लांब पडलेल्या. दोन गोदामांच्या मधल्या बोळाच्या भिंतीवर एक गोल सरकताना दिसला. चाकाची सावली. माणूस दिसत नव्हता, सायकल दिसत नव्हती, सावली तेवढी पुढे आली होती.

मी हात खाली आणला नाही.

डेलने हॉर्न वाजवला. ओगावाने शिवी दिली. कोणीतरी मागून डबा फेकून मारला, तो पाठीला लागला. चारू, दहा सेकंद असतील, पण मी अनेक सभांना तोंड दिलंय, तेवढे लांब दहा सेकंद पुन्हा आले नाहीत. आणि मग बोळातून टोफूवाला बाहेर आला. गोदीच्या कँटीनला सोयाबीनचं पनीर पोचवणारा म्हातारा, तोंडात पितळी तुतारी. तो वाजवत होता बिचारा, पण त्या इंजिनांपुढे कोणाला ऐकू येणार? दोन गाड्यांच्या नाकांसमोरून तो सावकाश रस्ता ओलांडून गेला. पलीकडे पोचल्यावर टोपी काढून त्याने सगळ्यांना नमस्कार केला.

दोन्ही इंजिनं बंद झाली होती. डेल खाली उतरला, माझ्या खिशात च्युइंगमचं पाकीट घातलं आणि परत जाऊन बसला. मग मी पुन्हा पहिल्यापासून चार बाजू बघितल्या. या वेळी कोणी हसलं नाही.

ही गोष्ट मी पंगतीत कशी सांगणार होतो? पळणाऱ्याच्या गळ्यात हार पडतो. थांबवणाऱ्याच्या पाठीत डबा बसतो, आणि त्याने काय वाचवलं ते कधी दिसत नाही, कारण ते वाचलेलं असतं. मी आयुष्यभर व्यासपीठावरून सांगितलं की जो बघतो तोच खरा नागरिक. आणि घरी मात्र मीच न पळालेली शर्यत जिंकत राहिलो. भित्रेपणा म्हणतात तो हा.

आता विद्या, आणि ही माझी स्वतःची आहे.

बघणं म्हणजे डोळे फिरवणं नव्हे. दिसेल ते नाव घेऊन मनात म्हणायचं. झुडूप. फाटक. रिकामा रस्ता. नाव घेतलं की ते खरंच बघितलेलं असतं. मग योशी. आणि चार बाजू झाल्या की पहिली पुन्हा एकदा, कारण तू बाकीच्या तीन बघत असताना पहिली बदललेली असते. कोणी हसलं तर हसू दे. कोणी ओरडलं तर ओरडू दे. हात तुझा आहे, तो तू ठरवशील तेव्हाच खाली येईल.

रोज ऑफिसला निघताना दारातून कर. मी आजपासून पुन्हा सुरू केलंय. वॉचमनने काकूला विचारलं, साहेबांची तब्येत बरी आहे ना?

हेमूकाका

ता.क. उपरणं परत पाठव. डाग मी काढीन. यांचं काय करायचं ते नंतर बघू. – काकू


योकोहामा, १६ मार्च २००६

तीर्थस्वरूप हेमूकाका आणि काकू,

दोघांनाही जमिनीला डोकं टेकवून.

दोन आठवडे मी घराच्या दारात, लिफ्टसमोर, कचरा टाकायला जाताना बोट रोखून योशी म्हणत होते. शेजारची छोटी मुलगी आता माझ्याबरोबर म्हणते. तिच्या आईने मला दोनदा वाकून नमस्कार केला. का, ते विचारायचं धाडस झालं नाही.

काल सकाळी परीक्षक तेच. मला बघून त्यांनी चष्मा आधीच घट्ट बसवला. मी गाडीभोवती फिरले. वाकून खाली बघितलं. “योशी,” चांगलं मोठ्याने. ते पाटीवर काही लिहिणार होते, पेन तसंच राहिलं. मग आत बसले, आरसा, पट्टा, उजवा खांदा, डावा खांदा, मागे, आणि पुन्हा उजवा. झुडपाच्या वळणाला हॉर्न वाजवला नाही. वेग कमी केला, मनात म्हटलं, झुडूप, झुडपामागे कोणी नाही. डावीकडे कडेला इतकी चिकटले की त्यांच्या चित्रातला टोपीवाला सायकलवाला आनंदाने नाचला असता. रेल्वेच्या खोट्या फाटकापाशी काच खाली करून खोट्या गाडीचा आवाज ऐकला. आला नाही. योशी.

गाडी थांबल्यावर त्यांनी पाटी वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचली. मला एकतीस मार्च दिसत होता, हिरानो-सानांची पेन्सिल दिसत होती. मग त्यांनी विचारलं, “इतकं बघायला कुठे शिकलात?”

मी सांगितलं, होनमोकूच्या धक्क्यावर माझे काका मोटारींच्या शर्यती सोडायचे, त्यांच्याकडून.

त्यांनी पेन बंद केलं. म्हणाले, “पास. मात्र थोडं हळू चालवता.”

काका, तुमच्या घराण्यातली मुलगी हळू चालवते, असा सरकारी शेरा आहे.

हिरानो-सानांनी अंबरीषचं नाव खोडरबराने पुसलं आणि माझं पेनाने लिहिलं. एक एप्रिलला नागोया. परवा ओगावा-सानांना बातमी द्यायला जाणार आहे. उपरण्याचं फोनवर सांगितलं, तर म्हणाले, बायकोचं आहे हे माहीत असतं तर चौतीस वर्षांपूर्वीच पाठवलं असतं. पार्सल करते.

आता तुमच्यावर एक काम. पुढच्या मुंजीत वाटी आणि द्रोण मांडाल, तेव्हा मध्ये एक लवंग उभी करा.

तुमची,
चारू


पुणे, १४ मे २००६

चि. चारू,

लवंग उभी केली. आपल्या उल्काच्या मुलाच्या मुंजीत. गोष्ट पहिल्यापासून सांगितली, डबा पाठीला लागला तिथपर्यंत. द्रोण जिंकला म्हटल्यावर एक पोरगा म्हणाला, मग आपण हरलो? तेवढ्यात उल्काची धाकटी म्हणाली, टोफूवाला जिंकला. मी एवढी भाषणं केली, इतका अचूक समारोप मला कधी सुचला नाही.

उपरणं पोचलं. डाग निघाला नाही. काकू म्हणते राहू दे, तेवढीच तुमची कमाई. चहा पुन्हा मिळू लागला आहे.

आता खरी बातमी. बासष्टाव्या वर्षी मी लर्निंग लायसन्स काढलं. लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी. ट्रेनिंग स्कूलचे प्रतापराव आज सकाळी गाडी घेऊन सोसायटीच्या दारात आले. मी गाडीभोवती फिरलो, खाली वाकलो, योशी म्हटलं. प्रतापराव म्हणाले, आजोबा, काही पडलं का?

आत बसलो. आणि बघतो तर समोर रस्त्याच्या मधोमध तुझी काकू. हातात उपरणं. कोणी सांगितलं नव्हतं, मी तर नाहीच. तिने उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, मागे बघितलं. पदर खोचून गाडीखाली वाकून बघितलं. हात वर केला. प्रतापराव घड्याळ बघू लागले, वरच्या गॅलरीतून कोणीतरी म्हणालं, सोडा की आता. ती हलली नाही. तिने पुन्हा एकदा उजवीकडे बघितलं. इस्त्रीवाल्याची सायकल येत होती. ती जाऊ दिली. तो वळून वळून बघत गेला.

मग तिने हात खाली सोडला.

चारू, त्या क्षणी मला पहिल्यांदा कळलं, गाडीतून ते कसं दिसतं. मी क्लच सोडला. गाडीने एक उडी मारली आणि बंद पडली. अर्धा बॉनेट पुढे गेली असेल.

पण सुरुवात अगदी बरोबर झाली होती.

तुझा,
हेमूकाका